चार हजार ओळींची साफसफाई

नको ते काढून टाकण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मन्सूरा शहरात सापडणार नाही, असं मी त्या शनिवारच्या सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. हल्ली सांगत नाही. हल्ली घरातला फाटका मोजासुद्धा टाकायचा असेल तर आधी बायकोला विचारतो.

मी बासिम. दिवसा एका तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि उरलेल्या वेळात फुकटचं काम करतो. फुकटचं म्हणजे अगदी अक्षरशः. लाकडावर नक्षी कोरणारी मशीनं चालवायचं एक सॉफ्टवेअर आहे. कुणीही घ्यावं, वापरावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. दमडी लागत नाही. जगभरातली पाच-सहा रिकामटेकडी डोकी ते सांभाळतात, त्यातलं एक माझं. तिथं कुणी खऱ्या नावानं वावरत नाही. मी नाव घेतलंय बुल्टी. नाईलमधला मासा, तळून फार छान लागतो, एवढंच त्यामागचं कारण.

तर जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे पंचवीस भोकांचा एक रुंद पोर्ट असायचा, पूर्वी त्याला प्रिंटर जोडायचे. त्या पोर्टापायी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडच्या चार हजार ओळी अडकून पडल्या होत्या. एका ओळीला हात लावावा तर दुसरीकडे तीन गोष्टी कोसळायच्या. मी आमच्या गटात इंग्रजीत लिहिलं, हा पोर्ट अजून कुणी वापरतं का? तीन महिने थांबतो. तीन महिन्यांत एकच उत्तर आलं: ‘मी नाही.’ म्हटलं, एकमत झालं! चार हजार ओळी एका दुपारी उडवल्या. जुने पोर्टवाले कुणी राहिलेच असतील तर त्यांच्यासाठी एक सभ्य सूचनाही लिहून ठेवली. गटात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी दोन पावलं उंच चालत होतो.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं, एका गुरुवारी, माझं लग्न होतं. मुलगी दुमियातची, म्हणजे सुतारांच्या गावची, रीहाम. तिचे वडील उस्ताद अवदल्ला, त्यांचा फर्निचरचा कारखाना. मला त्यांची मनापासून भीती वाटायची. म्हणजे ते रागीट होते असं नाही. ते कधी ओरडत नसत, हीच तर अडचण. राग जितका मोठा तितका आवाज खाली जायचा. एकदा म्हणे त्यांचा आवाज इतका खाली गेला की वार्निशचा व्यापारी न ऐकताच पळून गेला.

आमच्या बेडरूमचं सगळं लाकूडकाम ते स्वतःच्या कारखान्यात करवून घेत होते. सोमवारी सगळं ट्रकमध्ये चढायचं, वाजतगाजत मन्सूराला यायचं. आमची गल्ली, आईच्या मैत्रिणी, माझ्या शाळेतले मास्तर, सगळे गच्चीवरून बघणार. दुमियातच्या उस्तादाची मुलगी येते म्हणजे काय येतं, हे बघायला माणसं महिनाभर आधीपासून टपली होती.

शनिवारी सकाळी रीहामचा फोन आला. बाबांचं कोरीवकामाचं मशीन कालपासून बंद आहे, पलंगाच्या उशाकडच्या दोन फळ्यांवर एकेक मोर आहे, एक झालाय आणि एक राहिलाय.

“अर्ध्या तासाचं काम आहे,” मी म्हणालो. “बाबांना सांग, चहा टाका, मी आलोच.”

मायक्रोबसमध्ये मी मनातल्या मनात सासऱ्यांच्या शाबासकीचा सरावसुद्धा केला. इतके दिवस त्यांना माझं काम समजत नव्हतं. हा जावई करतो काय, तर बसतो आणि टाइप करतो. आज दाखवतो म्हटलं!

कारखान्याच्या मागच्या खोलीत मी तोवर कधी गेलो नव्हतो. उस्ताद आणि रीहाम मला आत घेऊन गेले. तिथं मशीनजवळ सब्री उभे होते. सब्री म्हणजे पंचावन्नची उमर, सुताराचा हात, मूळचे हातानं नक्षी काढणारे. अकरा वर्षांपासून मशीन सांभाळतात आणि दुभत्या म्हशीला कुरवाळावं तसा त्याच्यावरून हात फिरवत असतात. मशीनच्या बाजूला प्लास्टिकच्या कागदाखाली कॉम्प्युटर होता. सब्रींनी कागद उचलला. करड्या रंगाचं जुनं खोकं, भुशानं भरलेला कीबोर्ड, आणि पाठीमागून निघालेली मनगटाएवढी जाड केबल.

रुंद पोर्टची.

स्क्रीनकडे बघायची हिंमत होत नव्हती, पण बघावं लागलं. तिथं माझी सभ्य सूचना होती. ‘या पोर्टचा वापर आता बंद करण्यात आला आहे. कृपया नवीन यंत्र घ्यावे. आपला, बुल्टी.’

सब्री सांगत होते, कोपऱ्यात एक बटण महिनाभर लुकलुकत होतं, नवीन आलंय, घेऊ का, घेऊ का म्हणून. शेवटी वैतागून शुक्रवारी सकाळी त्यांनी हो म्हटलं. मशीन पुन्हा उठलंच नाही. वर ही इंग्रजी पाटी. रीहामनं ती वाचून दाखवली तेव्हा उस्तादांचा आवाज म्हणे खूप खाली गेला होता.

तो मला आता ऐकायला मिळाला.

“नवीन यंत्र घ्यावे,” उस्ताद हळूच म्हणाले. “म्हणजे हा कुठला तरी बसून सांगणार आणि मी घेणार. याचा बाप पैसे ठेवून गेलाय माझ्याकडे?”

मी म्हणालो, असतात अशी माणसं. आवाज इतका बारीक निघाला की सब्रींनी मला पाणी दिलं.

खरं तर त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण मंडळी, तुम्हीच सांगा. लग्नाला पाच दिवस, सासरा कानावर पेन्सिल ठेवून समोर उभा, हाताशी सगळ्या मापाच्या पटाश्या. मी ठरवलं, आधी मशीन सुरू करायचं. सुरू झालं की कोण बुल्टी आणि कसलं काय. माझ्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती, ती घालायची की झालं.

एवढ्यात उस्ताद म्हणाले, “बुल्टी. म्हणजे आपल्या नाईलमधला मासा. हा कुणी परका नाही. हा आपल्यातलाच आहे.”

मी लॅपटॉपच्या पिशवीची चेन उघडत होतो. ती अडकली.

“खाली पत्ता दिलाय का?”

रीहाम म्हणाली, ईमेल आहे. मग लिही, उस्ताद म्हणाले. मी म्हटलं, मी लिहितो, मला सवय आहे. तर म्हणाले, नाही, तू मशीन बघ, तुझं काम ते, हिला लिहू दे. आणि खुर्ची ओढून बसले आणि मुलीला मजकूर सांगायला लागले. मी मशीनमागे वाकून केबल तपासायचं सोंग केलं. मजकूर साधा होता. तू कोण, कुठला, ठाऊक नाही. माझ्या मुलीचं लग्न आहे. तिचा पलंग अर्धा राहिलाय. तुझ्या घरात मुलगी असेल तर उत्तर दे. शिवी एकही नव्हती. शिवी असती तर बरं झालं असतं.

रीहामनं पाठवलं. माझ्या खिशात फोन थरथरला.

कुणाचं लक्ष नव्हतं. पण उस्तादांना आणखी एक वाक्य सुचलं, तेही गेलं. खिसा पुन्हा थरथरला. मग म्हणाले, आपला पत्ता आणि फोन नंबर दे, यायची लाज नसेल तर येईल. तिसऱ्यांदा थरथरला.

“आई,” मी म्हणालो. “सकाळपासून सारखी फोन करतेय.”

रीहामनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो. उत्तर दिलं नाही तर उस्ताद शोध घेत राहतील; त्यापेक्षा बुल्टीनं माफी मागून मोकळं व्हावं, असा माझा हिशेब. नळ सोडून, एका हातानं लिहिलं: ‘आदरणीय उस्ताद, झाल्या प्रकाराबद्दल मनापासून क्षमा मागतो. कुणाला त्रास व्हावा असा हेतू नव्हता. आपल्या घरच्या शुभकार्याला आणि दुसऱ्या मोराला माझ्या शुभेच्छा. आपला, बुल्टी.’ पाठवलं, तोंडावर पाणी मारलं, परत आलो.

रीहाम फोन वाचत उभी होती. उस्तादांनी विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, माफी मागितलीय, शुभेच्छा दिल्यात. एवढंच? एवढंच, ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, बासिम, जरा बाहेर ये, तुझ्या आईसाठी मशब्बक घ्यायचंय, किती घ्यायचं ते सांग.

गल्लीत मिठाईवाल्याच्या कढईत मशब्बकची, जिलेबीसारखी, गोल गोल वेटोळी पडत होती. तिनं कढईकडे बघत विचारलं, “आम्ही पत्रात मोराबद्दल काही लिहिलं होतं?”

मी आठवून बघितलं. पलंग लिहिला होता. मुलगी लिहिली होती. लग्न लिहिलं होतं.

“नव्हतं,” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तीन महिने थांबलो होतो, विचारलं होतं, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. भांडली असती तर मीही दोन शब्द बोललो असतो. ती एवढंच म्हणाली की मी बाबांना आणि सब्रींना खोटं सांगणार नाही, न सांगितलं तर तेही खोटंच. म्हणून आधी मोर कर, मग सांग, पण आजच्या आज आणि स्वतःच्या तोंडानं. मग दोन किलो मशब्बक माझ्या हातात दिलं.

मी पेन ड्राइव्ह लावला आणि जुनी आवृत्ती घातली. कीबोर्डात भुसा, बोट ठेवावं तिथं दोन अक्षरं उमटत होती. स्क्रीन काळी झाली, बराच वेळ काळीच राहिली, सब्री ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मग मशीननं घरघर केली आणि पुढचा दांडा सुतासारखा सरकला.

सब्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “इंजिनिअरसाहेब,” ते म्हणाले. आजवर ते मला नुसतं ‘बासिम’ म्हणत आले होते. डाव्या बाजूची फळी मशीनवर चढली, भुसा उडू नये म्हणून वर झाकण आलं, आणि आम्ही बाहेर चहा-मशब्बक घेऊन बसलो.

आता खरं सांगतो, त्या चाळीस मिनिटांत माझी नियत फिरली. आतून मशीनचा सुरेल आवाज येतोय, सासरे शेजाऱ्यांना बोलावून माझी ओळख करून देतायत, मी तिसरा तुकडा खातोय. मी मनाशी म्हटलं, झालं ना काम, मग उगाच कशाला? रीहाम समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी चौथा तुकडा घेतला.

आवाज थांबला. सब्री आत गेले. बाहेर आले नाहीत.

मग आम्ही सगळे आत गेलो. सब्रींनी झाकण उचलून धरलं होतं. उजवीकडच्या, आधीच झालेल्या फळीवर मोर होता. लांब मान, डोक्यावर तुरा, पाठीमागे खाली झुकलेला पिसारा. डावीकडच्या फळीवरही एक पक्षी होता. त्याची मान खांद्यात बसली होती. अंग फुगलं होतं. तुरा चपटा होऊन चोचीवर आला होता आणि पिसाऱ्याची आखूड शेपटी झाली होती.

“हे काय आहे?” उस्तादांनी विचारलं. ओठ हलले म्हणून कळलं.

“बदक,” सब्री म्हणाले.

बदक होतंच. तेही कांदा भरून भाजायच्या आधीचं, चांगलं पोसलेलं. मला लगेच कळलं काय झालं ते. सब्रींनी अकरा वर्षं मशीनचे आकडे हातानं जुळवत आणले होते, दांडा किती सरकला म्हणजे लाकडावर किती जातो याचे. माझ्या नव्या आवृत्तीनं आल्या आल्या ते पुसून स्वतःचे लिहिले होते, आणि जुनीनं ते निमूटपणे वाचले. हेसुद्धा माझंच काम. गटात मी त्याला ‘सुटसुटीत मांडणी’ म्हटलं होतं.

सब्री स्वतःला दोष द्यायला लागले. बटण मीच दाबलं, म्हणाले, माझ्याच हातानं झालं, मला इंग्रजी वाचता येत नाही तर दाबायलाच नको होतं. हा माणूस माझ्या चुकीसाठी मान खाली घालून उभा होता. ते मला बघवेना.

“उस्ताद,” मी म्हणालो, “बुल्टी मीच.”

बाहेर कुणीतरी रंधा मारत होतं, तो थांबला. निदान मला तरी तसं वाटलं.

मी सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. जुन्याचं ओझं झालं होतं, वाटलं कुणी वापरत नसेल, विचारलं होतं. उस्तादांच्या आधी बोलले सब्री.

“कुणाला विचारलं?”

“आमच्या गटात. लिहून. तीन महिने.”

“मी कुठं होतो त्या गटात?” ते म्हणाले. “मी अकरा वर्षं इथं होतो.”

उस्ताद माझ्याजवळ आले. “जॅकेट काढ,” म्हणाले. रीहाम एक पाऊल पुढे आली. मी जॅकेट काढलं आणि डोळे मिटले. हातात काहीतरी खरखरीत आलं. डोळे उघडून बघतो तर पॉलिश पेपर.

बीच नावाच्या लाकडाची तशी फळी कारखान्यात एकच उरली होती. सब्री म्हणाले, आकडे पुन्हा जुळवायला आठवडा जाईल, तुकड्यांवर करून बघावं लागेल. उस्ताद म्हणाले, या फळीला मशीन लागणार नाही. पटाशी काढ.

सब्रींनी अकरा वर्षं पटाशीला हात लावला नव्हता. पेटी माळ्यावर होती, उघडली तर पात्यांवर गंज. मी ती दगडावर घासली. गल्लीतले दोन म्हातारे कारागीर आले. त्यांतल्या एकाचा हात थरथरायचा, पण लाकडाला लागला की थांबायचा. शनिवारची संध्याकाळ, अख्खा रविवार, सोमवारची सकाळ. सब्रींनी पहिला घाव जपून घातला. चुकला असता तर दुसरी फळी नव्हती, आणि ट्रकवाला तासातासाला फोन करून विचारत होता. मी घासत होतो. पाय घासले, कपाटाचे दरवाजे घासले, बोटांची सालं घासली. रविवारी आई मन्सूराहून फोन करून म्हणाली, शेजारी विचारतायत, किती ट्रक येणार? म्हटलं, आई, ट्रक येणार हे नक्की, आत काय येणार ते अजून ठरतंय.

सोमवारी दुपारी बाराला सब्रींनी मोराचा डोळा केला, फुंकर मारली आणि खाली बसले. त्यांच्या डाव्या मोरापुढे उजवा, मशीनचा, शाळेतल्या चित्रासारखा दिसायला लागला. उस्तादांनी दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या, पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली. दोन वाजता ट्रक निघाले. मन्सूरात गच्च्या भरल्या होत्या. आईच्या मैत्रिणींनी एकमतानं ठरवलं की डावा मोर नर आहे.

त्याच आठवड्यात मी चार हजार ओळी परत घातल्या, टाळ्या न घेता. मग सब्रींनी तुकड्यांवर तोवर जुळलेला एकेक आकडा फोनवर सांगितला आणि मी लिहून घेतला. वाचून दाखवला, पुन्हा वाचून दाखवला. आमच्या दोघांत समेट झाला असं मला वाटलं. उस्तादांनी त्यानंतर मोराचा विषय काढला नाही. आवाजही नेहमीचा होता. मी निर्धास्त झालो.

गुरुवारी निकाह. काझी वही उघडून बसलेले, दोन्हीकडची माणसं जमलेली. आमच्याकडे त्या वेळी नवरी घरात जे जे घेऊन येते त्याची यादी होते आणि नवरा तिच्यावर सही करतो. म्हणजे त्या वस्तू तिच्या, जशाच्या तशा सांभाळायची जबाबदारी त्याची. हयगय केली तर प्रकरण थेट कोर्टात. कुणी ती यादी वाचत बसत नाही, बरं दिसत नाही ते. मी पेन घेतलं. तेवढ्यात शेवटच्या ओळीवर नजर गेली.

‘एक जुना कॉम्प्युटर, पाठीमागे रुंद पोर्ट, चालू स्थितीत.’

मी मान वर केली. सब्री पुढच्याच रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. त्यांनी भंगारवाल्याकडून त्याच जातीचे दोन शोधून आणले होते म्हणे. एक मशीनजवळ राखीव आणि एक जावयाला, काहीही काढायच्या आधी त्याच्यावर चालवून बघायला.

“चालू स्थितीत म्हणजे किती वर्षं?” मी हळूच विचारलं.

उस्ताद पुढे वाकले. आवाज अजिबात ऐकू आला नाही. मी सही केली.

तो आता आमच्या बेडरूममध्ये आहे, खिडकीखाली. रीहाम दर शुक्रवारी त्यावरची धूळ पुसते आणि सुरू करून बघते. परवा आमच्या गटात ब्राझीलच्या एका बाईंनी विचारलं, त्या जुन्या पोर्टचं ओझं आपण अजून किती दिवस वाहायचं? मी लिहिलं, माझा संसार टिकेल तोवर.

त्यांनी हसण्याचं चिन्ह पाठवलं. त्यांना वाटलं, मी विनोद केला.